शास्त्रीय संगीताची गोडी दुसऱ्याला कशी लावावी

अधूनमधून ठाण्याच्या गडकरी रंगायतनला गाण्याच्या मैफलीला जाणाऱ्या माणसाला हा प्रश्न कधी ना कधी येतोच : ‘मला शास्त्रीय ऐकायचंय, पण सुरुवात कुठून करू?’ विचारणारा ऑफिसातला असतो, सोसायटीतला असतो, नाहीतर नात्यातला. आपण खूश होतो आणि त्याच रात्री त्याला लिंकांचा मारा करतो. भीमसेन, किशोरी, कुमार, मन्सूर, आमीर खाँ, रविशंकर, सगळे एका दमात. तो ‘वा, नक्की ऐकतो’ म्हणून अंगठा पाठवतो आणि विषय तिथेच संपतो.

यादी चांगलीच असते, पण तिचा त्याला उपयोग नसतो. पहिली लिंक उघडल्यावर चाळीस मिनिटांचं गाणं समोर येतं. पहिली पाच मिनिटं कोणी तरी ‘आ’ म्हणत एका सुरावर रेंगाळतंय आणि यात ऐकायचं नेमकं काय, हे कुणी सांगितलेलं नसतं. बिचारा आठव्या मिनिटाला बंद करतो आणि ‘आपल्याला काही यातलं कळत नाही’ असं ठरवून मोकळा होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. नवख्याला यादी देऊ नका, एक राग द्या. त्या रागातला आधी लहान तुकडा द्या, मग मोठा. आणि पहिल्या एकदोन वेळा त्याच्या शेजारी बसा. पुढचं सगळं क्रमाने सांगतो. मी ठाण्यात राहतो, त्यामुळे जागा आणि सवयी इथल्या येतील.

आधी त्याला तीन गोष्टी विचारा

आत्ता काय ऐकतोस, कधी ऐकतोस, कशावर ऐकतोस.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा आपल्या बाजूचं निघतं. ‘मला शास्त्रीयातलं ओ की ठो कळत नाही’ म्हणणाऱ्या मराठी माणसाच्या कानात नाट्यगीतं, अभंग, भावगीतं आधीपासून मुरलेली असतात. आईच्या रेडिओमुळे असोत, गणपतीतल्या भजनामुळे असोत. त्याला पाचपंचवीस रागांची तोंडओळख झालेली असते, फक्त रागांची नावं माहीत नसतात. हा माणूस सोपा. ज्याने लहानपणापासून फक्त हिंदी सिनेमाची गाणी ऐकली, तोही फार अवघड नाही, कारण जुन्या संगीतकारांनी रागांवर मनसोक्त हात मारलेला आहे. थोडं वेगळं वागावं लागतं ते बीट आणि बास यांवर वाढलेल्या पोरांशी. त्यांना सुराकडून नेऊ नका, तालाकडून न्या. झाकीर हुसेन यांचा तबला सोलो किंवा शिवकुमार शर्मांच्या संतूरचा ‘झाला’, म्हणजे शेवटचा वेगवान भाग, त्यांना पहिल्या दिवशी पकडतो. ख्याल, म्हणजे रागाची सविस्तर मांडणी करत गातात तो मुख्य प्रकार, दोन महिन्यांनी.

दुसरा प्रश्न ठाणेकरासाठी फार महत्त्वाचा, कारण बहुतेकांचं ऐकणं प्रवासात होतं. सकाळची गर्दीची लोकल किंवा घोडबंदर रोडवर अडकलेली बस, कानात इअरफोन. इथे विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला, ख्याल लावणं म्हणजे वाया घालवणं. मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातला सूर गाडीच्या खडखडाटात बुडून जातो, दोन शब्दांमधली शांतता तर ऐकूच येत नाही, आणि त्या शांततेतच विलंबिताचा अर्धा जीव असतो. प्रवासासाठी मध्यलयीतल्या किंवा द्रुत, म्हणजे जलद, बंदिशी (रागात बांधलेल्या छोट्या रचना), तराणे, बासरीची द्रुत गत द्या. विलंबित घरी, जेवणं उरकल्यावर.

तिसरा प्रश्न यंत्राचा. मोबाईलच्या उघड्या स्पीकरवर डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतलं घुमणारं डावं वाद्य, जवळपास ऐकूच येत नाही आणि तानपुऱ्याची नुसती माशी गुणगुणते. त्या दोन्हींवाचून विलंबित गाणं पोकळ वाटणारच, त्यात ऐकणाऱ्याचा दोष नाही. साधे बरे हेडफोन किंवा छोटा ब्लूटूथ स्पीकर पुरतो. आणि यूट्यूबवर ऐकणार असाल तर जाहिरातींची सोय आधी लावा. गायक निषादावर, म्हणजे ‘नि’वर थांबलाय, आता षड्ज, म्हणजे ‘सा’ लागणार, आणि मध्येच टूथपेस्ट! त्या क्षणी नवखा जो उठतो तो परत बसत नाही.

पहिला राग यमन

कुठल्याही गुरुजींकडे गेलात तरी ते यमनपासून किंवा भूपापासून सुरू करतात. ऐकणाऱ्यासाठी मी यमन आधी घेतो. सातही सूर आहेत, त्यामुळे तो भरलेला वाटतो. मध्यम सोडला तर सगळे शुद्ध आहेत, त्यामुळे कानाला बोचत नाही. रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, म्हणजे कामावरून घरी आलेल्या माणसाच्या नेमक्या वेळेचा. आणि मराठी माणसाने तो आयुष्यभर ऐकलेला असतो.

घरात पेटी असेल, नसेल तर मोबाईलवर पेटीचं ॲप उतरवा. पांढरी एकला सा धरा. आता ओळीने सगळ्या पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की बिलावलाचे सूर होतात, शाळेतलं ‘सारेगमपधनी’. त्यातली चौथी पांढरी सोडा आणि तिच्या लगेच उजवीकडची काळी दाबा. हा तीव्र मध्यम. एवढ्या एका पट्टीने यमनचे सूर तयार होतात. त्याच्या हाताने दाबू द्या, दोन्ही प्रकार चारचार वेळा. फरक कानाला लगेच कळतो. मग आणखी एकच गोष्ट दाखवा : यमनात वर जाताना बऱ्याचदा सा आणि प यांना वळसा घालतात. खालच्या निषादापासून ‘नि रे ग’, पुढे ‘म ध नि’ आणि मग वरचा सा. ही ‘नि रे ग’ची अक्षरं त्याला दोनदा गुणगुणायला लावा. पुढे कुठल्याही मैफलीत यमन सुरू झाला की त्याला ती ओळखीच्या माणसासारखी भेटेल. थिअरी इथेच थांबवा. वादी, संवादी, थाट, भातखंड्यांची दहा थाटांची मांडणी, हे सगळं खरं आहे आणि आज नको.

आता तीन पायऱ्या.

पहिली पायरी तीनचार मिनिटांची. ‘नाथ हा माझा’ हे ‘स्वयंवर’ नाटकातलं पद ऐकवा. नाटक 1916 सालचं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, आणि पद यमनातलं. घरातल्या ज्येष्ठांना ते पाठ असण्याची शक्यता मोठी. ज्याचे कान सिनेमाचे आहेत त्याला ‘चंदन सा बदन’ द्या, तेही यमनच. ऐकताना एकच काम सांगा : तीव्र मध्यम कुठे येतो तो पकड. सापडला नाही तरी चालेल. शोधण्यात तो लक्ष देऊन ऐकतो, आपल्याला हवंय ते तेवढंच.

दुसरी पायरी आठदहा मिनिटांची : यमनातला छोटा ख्याल, म्हणजे जलद लयीतला. तीनतालातली ‘एरी आली पिया बिन’ ही बंदिश जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी शिकतो, त्यामुळे ती अनेक आवाजांत मिळते. एकाच बंदिशीची दोन वेगवेगळ्या गायकांची ध्वनिमुद्रणं लागोपाठ लावा. शब्द तेच, राग तोच, ताल तोच, आणि तरी गाणं वेगळं. शास्त्रीय संगीत म्हणजे काय याचं याहून चांगलं स्पष्टीकरण मला माहीत नाही. ते तोंडाने सांगू नका, नुसतं ऐकवा.

तिसरी पायरी अर्ध्या तासाच्या पुढची, बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतला सविस्तर ख्याल. पण त्याआधी सम, म्हणजे तालाचा फेरा पूर्ण होऊन गाणं जिथे परत येतं ती पहिली मात्रा, कळली पाहिजे.

सम

नवखा माणूस मैफलीत सगळ्यांत जास्त कशाला घाबरत असेल तर या एका गोष्टीला. शेजारचे आजोबा मांडीवर हात आपटतात, चार जण एकदम ‘वाहवा’ म्हणतात, आणि याला कळत नाही की नेमकं घडलं काय. पंधरा मिनिटांत शिकवता येतं.

जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसा. तीनताल सोळा मात्रांचा, म्हणजे सोळा ठोक्यांचा, चारचारचे चार भाग. बोल हळू म्हणा :

धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा.

पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला हात उलटा, ती ‘खाली’. एवढं सगळे शिकवतात. इथे कानाने पकडायची गोष्ट अशी : दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्गा गप्प असतो. ‘तिं तिं ता, ता’ हे नुसते तबल्याचे कोरडे बोल. चौदाव्या मात्रेला ‘धिं’ पडतो आणि डग्गा परत घुमतो. तो घुमला की समजायचं, सम तीन मात्रांवर आली. चौदा, पंधरा, सोळा, सम. मात्रा मोजायची गरजच उरत नाही. तबला नि डग्गा कानाला वेगळे ऐकू यायला लागले की झालं.

मोबाईलवर तबल्याचं ॲप तीनतालात मध्यलयीला लावा आणि त्याला बोल न म्हणता फक्त समेला टेबलावर बोट आपटायला सांगा. पहिल्या काही आवर्तनांत, म्हणजे तालाच्या फेऱ्यांत, चुकेल. मग एकदा डग्ग्याचा घुमारा ऐकेल, बोट बरोबर पडेल, आणि चेहरा बघण्यासारखा होईल. माझ्या भाचीने हे जमल्यावर विचारलं, ‘मामा, म्हणजे गाणारीलाही हे सगळं चालू असताना लक्षात ठेवावं लागतं?’ मी म्हटलं, ‘लक्षात ठेवावं लागत नाही गं, अंगात असतं. आता बघ, ती कुठे जाऊन परत येते ते.’ मग तीच छोट्या ख्यालाची क्लिप परत लावली. या वेळी तिची नजर मोबाईलवर नव्हती, टेबलावरच्या स्वतःच्या बोटावर होती.

झपताल दहा मात्रांचा, रूपक सातचा आणि त्याची सुरुवातच खालीने होते, हे सगळं पुढे आपोआप येतं. एक तीनताल पक्का झाला तरी वर्षभर पुरतो.

बडा ख्याल कसा ऐकवायचा

रात्री साडेनऊनंतर, पंखा चालू, टीव्ही बंद, फोन पालथा. यमनातला एक पूर्ण ख्याल लावा. भीमसेन जोशींचा घ्या, यमनावर त्यांचा हात होता आणि ध्वनिमुद्रणं भरपूर आहेत.

सुरू होण्याआधी त्याला प्रवासाचा अंदाज द्या, नाहीतर तो वाट चुकतो. साधारण क्रम असा : आधी थोडी आलापी, मग बंदिशीचा मुखडा, म्हणजे समेला नेणारी सुरुवातीची ओळ, आणि त्याबरोबर तबला. विलंबित एकताल असेल तर मात्रा बाराच, पण लय इतकी संथ की एकेक आवर्तन पाऊण मिनिट, मिनिटभरसुद्धा चालतं. तबल्यावर सम शोधायच्या भानगडीत पडू नको म्हणावं. मुखड्याचे शब्द परत आले की सम आली असं धरायचं. मग गायक खालच्या सुरांपासून एकेक सूर घेऊन त्याच्याभोवती फिरतो. गंधार, पंचम, धैवत, निषाद, म्हणजे ग, प, ध, नि. हळूहळू वर. वरचा षड्ज लागला की अंतरा, म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग. त्यानंतर बोल, सरगम, ताना, लय वाढत जाते, आणि शेवटी छोटा ख्याल.

कंटाळा कुठे येतो हेही आधीच सांगून टाका. पाचव्या मिनिटापासून पंधराव्यापर्यंत येतो, कारण त्या पट्ट्यात ‘काही घडत नाही’ असं वाटतं. तिथे एकच काम द्यायचं : वरच्या षड्जाची वाट बघ. चांगला गायक यमनात निषादावर येऊन थांबतो, परत धैवतावर उतरतो, पुन्हा निषादाला भिडतो, आणि षड्ज देत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात तो षड्ज वाजायला लागतो. आणि मग तो लागतो. हे एकदा ज्याच्या अंगावर काटा आणून गेलं, त्याला पुढे कुणी काही शिकवायची गरज नाही.

त्या वेळात आपण बोलायचं नाही. ही सगळ्यांत अवघड अट. आपल्याला गाण्यातल्या प्रत्येक सुंदर जागेला कोपराने ढोसून ‘बघ, बघ, काय घेतलंय!’ सांगायची हौस असते. तसं करू नका, चित्रपटाचा शेवट आधीच सांगणाऱ्या माणसाशेजारी बसायला कुणालाच आवडत नाही. दाद आली तर तोंडातून येऊ द्या, तेवढी पुरे. प्रश्न गाणं संपल्यावर.

त्याला झोप लागली तर लागू द्या. जागं करून ‘आवडलं का?’ विचारू नका.

कुणाचा आवाज कुणाला

राग एक, पण आवाज माणूस पाहून निवडावा. इथे माझी पसंती सांगतो, वाद घालायला तुम्ही मोकळे.

अभंग ऐकत वाढलेल्याला भीमसेन जोशी. आवाज ओळखीचा, फक्त शब्द कमी झालेत आणि सूर वाढलेत, एवढंच त्याला वाटतं. अभंगाकडून ख्यालाकडे जाणारा याहून सरळ रस्ता महाराष्ट्रात नाही.

एकट्याने, अंधारात ऐकणाऱ्याला किशोरी आमोणकर. त्यांचा भूपातला ‘सहेला रे’ हा यमनानंतरचा दुसरा मुक्काम म्हणून ठेवा. कविता वाचणाऱ्याला कुमार गंधर्व, तेही ख्यालाने नाही, निर्गुणी भजनांनी. क्षयाने अंथरुणाला खिळलेला हा माणूस देवासला राहून काही वर्षांनी परत गायला लागला, तो वेगळीच गायकी घेऊन. लहान लहान तुकड्यांत, मध्येच तोडून गाणं, हे आधी भजनात कानाला पटतं, मग त्यांचा ख्याल परका वाटत नाही.

ज्याच्याकडे वेळच नाही त्याच्यासाठी जुन्या तबकड्या आहेत आणि त्या फार कमी लोक सुचवतात. 78 आरपीएमच्या एका बाजूला जेमतेम तीनसाडेतीन मिनिटं मावत, त्यामुळे त्या काळच्या गवयांनी सगळा ऐवज तेवढ्यात बसवला. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ऐकवा. खरखर आहे, पहिल्या वेळी ती आड येते, दुसऱ्या वेळी ऐकूच येत नाही. आणि विज्ञानाची आवड असलेल्या पोरांसाठी हुकमी पत्ता : 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीचे आवाज घेऊन सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. साडेतीन मिनिटांची. एवढं सांगितलं की पोरं स्वतः शोधून ऐकतात.

वाद्यांकडून येणाऱ्यांसाठी हरिप्रसाद चौरसियांची बासरी. शब्दांचा अडसर नाही, त्यामुळे ‘काय म्हणतायत ते कळत नाही’ ही तक्रारच उरत नाही.

मल्लिकार्जुन मन्सूर आणि आमीर खाँ, दोघेही पहिल्या महिन्यात नकोत. मन्सूर अनवट, म्हणजे क्वचित गायल्या जाणाऱ्या, आणि जोड, म्हणजे एकाहून अधिक राग मिळून झालेल्या, रागांत रमणारे, दम न घेता एकातून एक काढत जाणारे. रागाची मूळ ओळख नसलेला त्यात हरवतो. आमीर खाँची अतिविलंबित लय, चौदा मात्रांचा झुमरा, ही मोठीच गोष्ट आहे, पण ती सहा महिन्यांनी दिली तर हाताला लागते. घाई करून एक मोठा गायक नावडता करून ठेवू नये.

आजच्या गाणाऱ्यांमध्ये उल्हास कशाळकर आणि अश्विनी भिडे-देशपांडे यांची नावं मी आधी घेतो, कारण दोघांचंही रागाचं मांडणं स्वच्छ आहे. शिवाय समोर बसून ऐकता येतात. घराण्यांची, म्हणजे गायकीच्या परंपरांची, नावं मात्र या सगळ्यात उच्चारू नका. किराणा, ग्वाल्हेर, जयपूर-अत्रौली, आग्रा, ही माहिती तुलना करता यायला लागली की कामाची. आधी दिली तर माणूस गाणं सोडून शिक्के शोधत बसतो.

प्रत्यक्ष मैफल

ध्वनिमुद्रणावर महिना गेला की मैफलीला न्या. त्याहून जास्त थांबू नका.

ठाण्यात हे सोपं आहे. मासुंदा तलावाकाठी 1978 पासून गडकरी रंगायतन आहे, तिकडे घोडबंदरच्या बाजूला राहणाऱ्यांना डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह जवळ. दारावरचा कार्यक्रमांचा फलक येताजाता वाचायची सवय लावून घ्या. महापालिका भरवते तो पं. राम मराठे स्मृती संगीत समारोह नवख्यासाठी फार योग्य, कारण एका बैठकीत वेगवेगळे प्रकार ऐकायला मिळतात आणि शेजारी बसलेला श्रोता बहुतेक वेळा जाणकार असतो. राम मराठे हे नाव त्याला आधी ओळखीचं करून द्या : ‘मंदारमाला’तलं ‘जय शंकरा गंगाधरा’ ऐकवा. ते अहिरभैरवातलं आहे. यमनासारखीच तीही एक तयार शिडी. पदाकडून सकाळच्या अहिरभैरवाच्या ख्यालाकडे सहज जाता येतं.

लोकलने थोडं पुढे गेलात तर कल्याण गायन समाज. 1926 सालची संस्था, आणि तिचा देवगंधर्व महोत्सव भास्करबुवा बखल्यांच्या स्मृतीत होतो. ज्यांच्या चालीने तुम्ही नवख्याला यमन दाखवलात, तेच हे. नवी मुंबईकरांना वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह आहे आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तूही वाशीतच. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने थेट जाता येतं, गाडी बदलावी लागत नाही.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पहिली मैफल म्हणून नको, हे माझं ठाम मत. लोक हौसेने नेतात. तासन् तास बैठक, एकामागून एक कलाकार, दुसऱ्या दिवशी नवख्याच्या डोक्यात सगळ्यांचा काला झालेला असतो. पहिली मैफल दोनअडीच तासांची, एका किंवा दोन कलाकारांची असावी. सोसायटीच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये सतरंजीवर होणारी छोटी बैठक मिळाली तर नाट्यगृहापेक्षा उत्तम. तिथे माईकशिवायचा आवाज कानावर येतो, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो भरलेला झंकार, अंगाला जाणवते.

दिवाळी पहाटेचं वेगळं सांगायला हवं. ठाण्यात त्या सकाळी तलावपाळी आणि राम मारुती रोड ओसंडून वाहतात. नाट्यगृहातल्या पहाटेच्या कार्यक्रमाला मात्र आधी निवेदनात काय आहे ते वाचून जा. बहुतेक ठिकाणी भावगीतं आणि सिनेमाची गाणी असतात, ती छानच, पण आपलं काम त्याने होत नाही. जिथे खरंच कुणी ख्याल गाणार असेल तिथे न्या, कारण संध्याकाळच्या मैफलींमुळे सकाळचे राग प्रत्यक्षात ऐकायला मिळतच नाहीत. भटियार, ललत, अहिरभैरव उजाडताना ऐकणं ही चैन वर्षातून एकदोनदाच जमते.

नेताना काही बारीक गोष्टी. वीस मिनिटं आधी पोचा. गायकाच्या उजव्या हाताला सहसा तबला असतो, म्हणजे आपल्या डाव्या हाताला. त्या बाजूची मधल्या रांगांतली जागा घ्या, म्हणजे तबलजीचे हात दिसतात आणि सम डोळ्यांनाही कळते. तानपुरे लावत असतात तेव्हा नवखा ‘अजून सुरू का नाही?’ म्हणून मोबाईल काढतो. त्याला ते लावणं ऐकायला सांगा. पहिली तार पंचमाची, रागात पंचम नसेल तर मध्यमाची किंवा निषादाची. मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, शेवटची खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची. तारा जुळल्या की सगळा आवाज एकदम उजळतो. उठायचं झालं तर राग संपल्यावर, मध्ये नाही. भैरवी सुरू झाली की समजायचं मैफल आवरत आली, आणि तेव्हा शेवटच्या गाडीच्या धास्तीने उठणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, रिक्षाने जाऊ पण भैरवी ऐकू.

मध्यंतरात बटाटावडा खाताना परीक्षा घेऊ नका. ‘कुठला राग होता सांग बघू’ हा प्रश्न विचारून कित्येकांनी चांगले होऊ घातलेले श्रोते पळवून लावलेत. विचारायचंच तर ‘कुठली जागा लक्षात राहिली?’ एवढं विचारा. उत्तर काहीही आलं तरी बरोबर.

शिकायचंय म्हणाला तर

काही जण मैफलीनंतर थेट क्लासचा पत्ता मागतात. द्या. ठाण्यात प्रत्येक दोन गल्ल्यांत क्लास आहे आणि बरेचसे गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसवतात : प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, पुढे विशारद. पण एक गोष्ट नीट समजावा. परीक्षा देणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. विशारद झालेले, पण वर्षानुवर्षं एकही मैफल न ऐकलेले लोक खूप आहेत. क्लास निवडताना गुरुजी विद्यार्थ्यांना तानपुऱ्यावर गायला लावतात की नुसत्या पेटीवर, आणि वर्गाबाहेर काही ऐकवतात का, एवढं बघावं.

पुढचा राग, आणि मारवा

यमन ओळखू यायला लागला की भूप. पेटीवर दाखवणं सोपं : यमनातले मध्यम आणि निषाद काढा, उरले ते पाच सूर. संध्याकाळी काही दिवस भूप ऐकवा. मग एका रविवारी सकाळी न सांगता देशकार लावा. सूर तेच पाच. नवखा म्हणेल, ‘भूपच आहे की, पण वेगळा वाटतोय.’ तिथे सांगायचं की भूप गंधाराच्या ओढीने चालतो, देशकार धैवताच्या. एक संध्याकाळचा, एक सकाळचा. राग म्हणजे नुसते सूर नव्हेत, हे त्या सकाळी त्याच्या कानाला समजतं. त्यानंतर दुर्गा, मालकंस, भीमपलास, ज्या क्रमाने त्याला गोडी वाटेल त्या क्रमाने.

मारव्याची मात्र घाई नको. पंचम नाही, ऋषभ (रे) कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्ज सतत टाळलेला, त्यामुळे गाणं जमिनीवर पाय टेकतच नाही. ज्याचा कान अजून षड्जाला सरावलेला नाही त्याला हे नुसतं बेसूर वाटतं. पाचसहा राग झाले की एखाद्या दिवशी सूर्य मावळताना लावा. उपवन तलावाच्या काठी हेडफोनवर ऐकला तर आणखी बरं. आवडला तर त्याच आठवड्यात पूरिया आणि सोहनी द्या. तिन्हींचे सूर अगदी तेच आहेत. पूरिया खाली मंद्रात रमतो, सोहनी वरच्या सप्तकात आणि उत्तररात्रीची. तिन्ही ऐकून झाल्यावर त्याने तुम्हाला फोन करून ‘सोहनी आणि पूरियामध्ये नेमकं काय बदललं?’ असं विचारलं, तर उत्तर देऊ नका. पुढच्या मैफलीची तिकिटं काढा.